बाईंनी बाद केलेले कागद

कुणाविषयी लिहावं एवढी माझी तयारी नाही. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

परळच्या पालिका शाळेतल्या त्या बाई. कुणी काही ठामपणे सांगितलं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "कशावरून?" 'मुलं आळशी आहेत' असं मुख्याध्यापक म्हणाले, तरी "कशावरून, सर?"

तिसरी ते पाचवीची, वाचनात मागे पडलेली मुलं त्या रोज तासभर एकत्र बसवायच्या. इयत्ता विसरून. अक्षरं येतात त्याला शब्द, शब्द येतात त्याला गोष्ट. वरच्या कार्यालयाला तो तास बंद करायचा होता. मार्चअखेर उपयोग दाखवा, म्हणाले. कॉलेजच्या उपक्रमातून मी मदतीला गेलो होतो.

"बाई, मुलं सुधारलीत. दिसतंच की."

"तुझी आई दादरला मासे विकते ना? ताजा आहे असं नुसतं सांगते?"

"नाही. कल्ले उघडून दाखवते."

"मग?"

एकेका मुलाला समोर बसवून मी त्याच्याकडून उतारा वाचून घेतला, किती जमलं ते कागदावर मांडलं. आकडे सुरेख आले. बाईंनी तरीही पाच-सहा जणांना पुन्हा वाचायला लावलं. एक पोरगी अडली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"त्याच्याकडे काय बघतेस गं?"

"दादा पहिलं अक्षर सांगतो ना."

खरं होतं. अडलेल्या पोरांचे चेहरे मला बघवत नव्हते. लहानपणी मी अडलो तेव्हा घरात सांगणारं कुणी नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. सगळे कागद बाद केले.

"माया तासाला कर. तपासताना नको. या आकड्यांवर उद्या दहा शाळांत हाच तास लागेल. तिथल्या पोरांना नाही जमलं तर?"

फेरतपासणीत तिसरी-चौथीला फायदा दिसला, पाचवीला जवळजवळ नाही. बाईंनी दोन्ही लिहिलं. पण मुदत टळली होती. जूनमध्ये तास बंद झाला, बाई निवृत्त होऊन देवगडकडे गावी गेल्या. माझ्यामुळे तास गेला, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. तरी त्यांना फोन करायचा धीर मला दोन वर्षं झाला नाही.

परवा हिंदमाताला शाळेतले शिपाईकाका भेटले.

"अरे, तुमचा तास सोमवारपासून परत चालू! नव्या साहेबांनी बाईंचे कागद काढून वाचले. तिसरी-चौथीलाच देतायत. पाचवीसाठी वेगळं काय ते बघणार."

"बाईंना कळवलं?"

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्या वारल्या रे, गणपतीच्या आधी. तुला कोण बोललं नाय?"