मामांचा मोतीबिंदू

आमचे आप्पामामा कुठल्या लग्नाला निघाले की सकाळपासून पाणी पीत नसत. उपास वगैरे काही नव्हता. परक्या गावात गेल्यावर संडास कुठे आहे हे कुणालातरी विचारावं लागेल, एवढंच कारण. मे महिन्याचं ऊन, मांडवात जीव घामाघूम, ओठ सुकलेले, पण डोक्यावरची टोपी कडक आणि चेहऱ्यावर हसू. सरबताचा ट्रे समोर आला की म्हणायचे, "आत्ताच झालं." कुठे झालं ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

विंझरला त्यांचं घर रस्त्याला लागून होतं. संडास अंगणाच्या कडेला आणि बरोबर समोर एसटीचा थांबा. थांब्यावर माणसं उभी असली की मामा गोठ्यात शिरून उगाच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहायचे. वेल्ह्याची गाडी माणसं घेऊन गेली म्हणजे हे अंगणात यायचे. गाडीला उशीर झाला की मामी आम्हा पोरांना डोळ्यांनी खुणावायच्या आणि आम्ही तोंडात टॉवेल कोंबून हसायचो.

मात्र सोयरीक जुळवण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कुणाच्या मुलीचं आधी काय मोडलंय, कुणाचा मुलगा कसला आहे, सगळं त्यांना ठाऊक असायचं आणि त्यातलं एक अक्षर बाहेर जात नसे. "अब्रू झाकायची वस्तू हाय, दावायची न्हवं," असं ते म्हणत. या एका गुणावर त्यांनी कितीतरी संसार उभे केले. तो गुण कुणाचं वाईटही करू शकेल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

मी भोरला शाळेत शिकवायला लागलो त्यानंतरची गोष्ट. मामींचा फोन आला. मामांना शौचाच्या वेळी रक्त पडत होतं आणि ते कित्येक महिने त्यांनी लपवलं होतं. मनाशीच मूळव्याध ठरवून सुरणाची भाजी आणि कुणीतरी दिलेला झाडपाला चालू होता. मामींना कळलं ते धुणं धुताना. मी त्यांना ओढूनच पुण्याला नेलं. डॉक्टरांनी मोठं आतडं दुर्बिणीतून बघावं लागेल म्हणून सांगितलं. नळी कुठून घालतात, असं मामांनी हळूच विचारलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मामांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

गावात त्यांनी मोतीबिंदू सांगितला. मलाही शपथ घातली. "सुमनलाबी कळता कामा न्हाई," म्हणाले. सुमन म्हणजे माझी आई, त्यांची पाठची बहीण, कामथडीला दिलेली.

पोट साफ करायचं औषध त्यांनी माझ्या घरी घेतलं. आदल्या दुपारी पाण्यात कालवलेलं ते खारट औषध ते पेल्यामागून पेला पीत होते आणि संडासात शिरण्याआधी दर वेळी टीव्हीवरच्या कीर्तनाचा आवाज वाढवत होते. माझी बायको शहाणी; भाजी आणायची म्हणून मुलांना घेऊन निघाली ती दिवेलागणीलाच परतली. शेजारचे दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, तुमच्या मामांना कीर्तनाची फार आवड दिसते.

दवाखान्यात मागून उघडा असलेला तो झगा त्यांना दिला, तेव्हा एका हाताने मागची बाजू गच्च धरून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. नर्सबाईंनी टोपी काढायला सांगितली. मामा म्हणाले, "बाई, तेवढी तरी राहू द्या." त्या चांगल्या घरच्या असाव्यात. त्यांनी राहू दिली.

भूल दिलेली, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नाही. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, आत बायका होत्या का? मी नाही म्हणालो. मी औषधं आणायला खाली गेलो तेवढ्यात डॉक्टर येऊन त्यांच्याशी बोलून गेले. काय म्हणाले, असं विचारलं तर मामा म्हणाले की छोटी गाठ होती, तिथल्या तिथे काढली, किरकोळ आहे. मी त्यावर विश्वास ठेवला.

मोतीबिंदू म्हटल्यावर तो निभवावाही लागतो. मामा काळा चष्मा लावून ओट्यावर बसले. आमच्याकडे दवाखान्यातून माणूस आला की त्याला बघायला सगळा गाव येतो. बिस्किटांचे पुडे साठले. कामथडीहून आईही आली. येताना मोसंबी आणली आणि चांगली आठवडाभर राहिली. भावाच्या डोळ्यांत रोज ती स्वतः थेंब घालायची. मामींनी बाटलीत नुसतं उकळून गार केलेलं पाणी भरलं होतं. आई त्यांचं डोकं मांडीवर घ्यायची, दोन बोटांनी पापणी उघडायची आणि म्हणायची, "हलू नगा आप्पा, वाया जातंय." मामा निपचित पडून राहायचे. मी दारातून बघत होतो आणि मला हसू येत होतं.

दोन वर्षांनी आईच्या पोटात दुखायला लागलं. तिनेही अंगावर काढलं. शेवटी तीही त्याच घरची लेक. दवाखान्यात नेलं तेव्हा आजार आतड्यातून यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही? मामांची गाठ मी किरकोळच धरली होती; मी नाही म्हणणार तोच मागे उभे असलेले मामा बोलले.

"मला व्हतं. भावाभनींनाबी तपासून घ्या, असं डाक्टर म्हणालं व्हतं. म्या बोललो न्हाई." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "भनीला कसं सांगू, कुठनं नळी घालत्यात ते?"

त्या क्षणी मला त्यांना धक्के मारून बाहेर काढावंसं वाटलं. तसं केलं नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आई दिवाळीच्या आधी गेली.

दहाव्याला नदीवर प्रवचन झालं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. मग मामा उठले. चारचौघांत भाषण करायला ते आयुष्यात पहिल्यांदाच उभे राहिले असतील. माईक हातात धरून त्यांनी रक्ताचं सांगितलं, नळीचं सांगितलं, मोतीबिंदू खोटा होता तेही सांगितलं. पोरं गालात हसली. कुणीतरी त्यांचा सदरा ओढून खाली बसवू लागलं. मामा बसले नाहीत.

"माझ्या लाजंपायी माझी भन गेली," ते म्हणाले. "तुमी आपापल्या माणसाला सांगा. मला हसा, पण सांगा."

कावळा शिवल्यावर माणसं पांगली. मामा माझ्याजवळ आले आणि माझी तपासणी कधी करायची ते विचारलं. बघू, असं मी तुटकपणे म्हणालो. त्यांनी ते मानलं नाही. पुढल्या आठवड्यात विंझरहून पहिल्या गाडीने ते माझ्या दारात हजर झाले. पुण्याच्या दवाखान्यात गर्दीत माझं नाव पुकारलं, तेव्हा कसली तपासणी, असं शेजारच्या बाईंनी विचारलं, तर मामांनीच मोठ्याने उत्तर दिलं.

मामा आता नाहीत. ते आतड्याने नाही, म्हातारपणाने गेले. मी त्यांना माफ केलं असं कधी म्हणालो नाही, आणि त्यांनीही कधी मागितलं नाही. पण तपासणीच्या त्या दिवशी माझी भूल उतरली तेव्हा ते माझ्या पायाशी उभे होते. डॉक्टर आले. दोन गाठी होत्या, काढल्या, असं म्हणाले. मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "वेळेवर आलात."

मामांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाचल्याचा आनंद झाला होता, आणि त्यांची हलणारी पाठ बघून त्या आनंदाचीच लाज वाटली.