गोळीची भूक

बेल वाजवून दार उघडेपर्यंत थांबणं फिलोमिनाबायला ठाऊकच नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या चारही बेल दाबून ती वरच्या जिन्यात पोहोचलेली असायची. आपण टोपलीमागे धावायचं. कुरकुर केली की म्हणायची, "मासळी थांबते काय कोनासाठी?" पाचूबंदरची ही कोळीण अकरा वर्षं मला मासळी देत होती. मी मूळची काळजीखोर, ती मूळची घाईची. आमचं जमलं.

तिच्या डोक्यात गाठ निघाली आणि मुंबईला किरणांचे शेक सुरू झाले. कानामागचे केस मूठभर गेले, तिथली कातडी काळवंडली, तोंडाला लोखंडाची चव आली. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि चकार शब्द काढला नाही. तिला जेरीस आणलं ते स्टिरॉइडच्या गोळ्यांनी. चेहरा सुजून गोल झाला. बंदरावरच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "तब्येत सुदारली गो तुजी!" मग ही आणखी भडकायची. हातपाय स्वस्थ राहीनात. एकदा मी गेले तर बाईनं लख्ख भांडी तिसऱ्यांदा घासायला काढलेली.

आणि भूक! मुलगा बोटीवर निघायचा होता, त्याच्यासाठी भरलेला डबा तिनं एके सकाळी उभ्याउभ्या संपवला. मुलगा हसला, त्यानं दुसरा भात लावला. मला सांगताना ती मात्र हमसून रडली. "पोराचं जेवन खाल्लं मी. आशी आय आसते काय?"

गोळ्यांचा तक्ता मी करून दिला होता. गोळी जेवणानंतरच घ्यायची, मनानं बंद करायची नाही, कमी करायची तेव्हा डॉक्टरच हळूहळू करतील, असं खाली लाल पेनानं लिहिलं होतं. ती रोज खूण करायची.

उपवासकाळ लागला. ईस्टरपर्यंतच्या त्या दिवसांत ती दरवर्षी काहीतरी सोडायची, एकदा चहा, एकदा मिसरी. यंदा काय सोडलं ते सांगेना. आठवड्याभरानं तिचा चेहरा जरा उतरलेला दिसला, जेवणही आटोक्यात आलेलं. मी शहाणी म्हणते कशी, "छान दिसतेस गं!" दोन दिवसांनी ती मोरीपाशी कोसळली. तक्त्यावर खुणा रोजच्या रोज होत्या आणि गोळ्या तशाच डब्यात.

इस्पितळात मी चिडलेच. "मरायचंय का तुला?"

"देवानं दिलेली भूक आसती तं सोसली आसती," ती हळूच म्हणाली. "ही गोळीची. गोळी सोडली का भूक पन सुटल, वाटलं."

फादर येऊन सांगून गेले की आजाऱ्याला उपवास नसतो. तिनं मान हलवली. घरी आल्यावर मी दिवसातून दोनदा फोन करून विचारायची, गोळी घेतलीस का? ती हो म्हणायची. एकदा फसलेली मी, माझा विश्वास बसेना. कामात लक्ष लागेना.

गुड फ्रायडेला दुपारी न राहवून मी पाचूबंदर गाठलं. क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला अख्खी आळी चर्चकडे निघालेली, सगळे उपाशी. आणि फिलोमिनाबाय रस्त्यालगतच्या ओट्यावर, पुढ्यात पेज आणि सुकट घेऊन. ओळखीच्या बायका मान वळवून पुढे जात होत्या. ती घास घेत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं, आत बसून खा ना," मीच ओशाळून म्हटलं. "लोक बघतायत."

"बगू दे. आत खाल्लं का नाय, कोन बगतं? मंग गोळी परत सुटल." तिनं नाक पुसलं. "समदी उपास करतात, बाय. मना जेवाचं हाय. ह्योच माजा उपास."

ताट चाटूनपुसून संपवल्यावर तिनं गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी घेतलं आणि लहान पोरीसारखं तोंड उघडून मला दाखवलं.

मी फोन करणं त्या दिवसापासून बंद केलं. त्यानंतर ती सात महिने जगली. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तिनं एकही गोळी सोडली नाही.