शेळीचा चारा बंद!

खालापूरला एसटी थांब्यासमोर मकसूदचाचांचं मिसळीचं हॉटेल आहे. गल्ल्यावर मी बसते, सोनाली. चाचा मनाने देवमाणूस, पण तोंड? अगं बाई! गिऱ्हाइकाला जे नको, त्याला नावं ठेवल्याशिवाय त्यांना चैन नाही. कांदा म्हणजे रडूबाई. कोथिंबीर म्हणजे शेळीचा चारा. कढीपत्ता म्हणजे फुकटा पाहुणा, ताटात येतो आणि कडेला बसून राहतो. "एक मिसळ, रडूबाई माहेरी, चारा बंद!" अशी आरोळी आली की आत भागूबाईचा हात बरोब्बर चालतो.

परवा त्यांच्या लेकीला, उझमाला बघायला कशेळ्याची माणसं आली. मुलगा हुजैफा तिच्या मनात कधीचाच भरलेला. धास्ती होती ती त्याच्या आईची. नूरबानो म्हणे कधी हसतच नाहीत. झिनतचाचीने नवऱ्याला सकाळीच दम भरला होता, "आज वाकडा शब्द काढलात तर बघा. पोरीचं लगीन हाय, मिसळ नाय."

पाहुणे चाचांच्या घरी जायच्या आधी हॉटेलातच टेकले, तशा चाची आणि उझमाही तिथेच आल्या. नूरबानो म्हणाल्या, "मिसळ खाईन. कांदा, कोथिंबीर नको."

चाचा भटारखान्याच्या खिडकीशी गेले आणि हळूच म्हणाले, "भागूबाई, एक मिसळ द्या. कांदा आणि कोथिंबीर घालू नका. मेहरबानी."

आत भांडं पडलं. भागूबाई मूठभर मीठ-मिरच्या घेऊन धावत आली आणि सगळ्यांदेखत चाचांवरून ओवाळायला लागली. "आल्यागेल्याची, टोलनाक्यावरच्या ट्रकवाल्यांची दृष्ट लागली गं बाय!"

"काय झालं यांना?" नूरबानो दचकल्या.

"अवो, हा मानूस आज कांद्याला कांदा म्हनला!"

"मग रोज काय म्हणतात?"

मेली भागूबाई! सगळं सांगून मोकळी झाली, फुकट्या पाहुण्यासकट. चाचीने ओढणीत तोंड लपवलं. उझमाचे डोळे भरले. मला तर भागूबाईच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

नूरबानो गंभीरच. मग एकदम खिडकीकडे वळून ओरडल्या, "रडूबाई माहेरी, चारा बंद!" आणि चाचांना म्हणाल्या, "आमच्या हुजैफाला वांगं नको असतं. त्याला काय म्हणायचं?"

"टोपीवाला," चाचांच्या तोंडून निसटलंच.

बाई खो खो हसल्या, पार ठसका लागेपर्यंत. "पोरगी आमची झाली," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात हसायला शिकवणारं कोणीतरी पायजेच हाय."

चाचांनी तोंड फिरवलं, बाहीने डोळे पुसले. मी विचारलं, "काय झालं, चाचा?"

"काय नाय गं. कांदा झोंबला."

भागूबाईने कांदा ऐकला आणि पुन्हा मिरच्या आणायला पळाली.