ओदेतच्या दोन थापट्या

माझी बहीण ओदेत बेचाळिसाव्या वर्षी नर्स व्हायला निघाली, तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मी केली. खोटं कशाला बोलू? आमच्या गोठ्यात सहाशे गायी आणि त्यांची दुखणीखुपणी बघणारी ती एकटी. वासरू अडलं की ओदेत, कास सुजली की ओदेत. जनावरांचा डॉक्टरसुद्धा आधी तिला विचारायचा, मग गाईला हात लावायचा. ती जाणार म्हणजे माझा उजवा हातच जाणार होता. पण हे सरळ सांगेन तर मी तोस्त घराण्यातला कसला! मी म्हणालो, "शेणातले हात तुझे. आजारी माणूस लावू देईल का अंगाला?"

"धुवून जाईन," ती म्हणाली.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते बाबांच्या दुखण्यात. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती. इस्पितळात येणारा जाणारा त्यांच्या डोक्यावरून आमच्याशी बोलायचा. एकच नर्स अशी होती, की हात लावण्याआधी त्यांना सांगायची, "तोस्त साहेब, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते हं." उत्तर येत नाही त्याला सांगून काय उपयोग, असं मला वाटायचं. ओदेत मात्र त्या बाईकडे टक लावून बघत बसायची. महिन्याभरात बाबा गेले.

नंतर तिनं शोधून काढलं, की तासाभरावरच्या विद्यापीठात कुठल्याही विषयाच्या पदवीधराला थेट नर्सिंगच्या मास्टर्सला घेतात. अडीच वर्षांचा अभ्यास. हिची दुग्धशास्त्राची पदवी वीस वर्षं कपाटात पडून होती. ती बाहेर निघाली. शरीररचना, जंतुशास्त्र असले विषय आधी पास करायला हवे होते. ते तिनं दूध काढून झाल्यावर, भाचरांच्या वयाच्या पोरांत बसून केले. मग अर्ज केला आणि नकार आला.

माय म्हणाली, "बघ, देवानंच नाही म्हटलं."

"देवानं नाही गं माय, प्रवेश समितीनं."

अर्जात तिनं काय लिहिलं होतं? 'मला मानवजातीची सेवा करायची आहे.' आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी ते वाचून कपाळावर हात मारला. "ओदेत, हे सगळेच लिहितात गं. तुला जे येतं ते लिही." दुसऱ्या वर्षी तिनं लिहिलं, की वीस वर्षं मी बोलता न येणाऱ्यांचं दुखणं ओळखत आले, बाबांची वाचा गेली तेव्हा कळलं, की माणसांतही असे असतात. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि प्रवेशही मिळाला. मायनं गोड पाव भाजून गल्लीभर वाटला आणि सगळं श्रेय आपण चर्चमध्ये लावलेल्या मेणबत्तीला दिलं.

आता खरी गंमत ऐका. पहिल्या सत्रात बाई नापास कशात झाली? इंजेक्शनात! आयुष्यात हजारो सुया टोचलेली ही बाई. परीक्षेला रबरी पुतळा होता. हिनं सुई बोटांत धरली, मुठीच्या पाठीनं पुतळ्याच्या दंडावर धप धप दोन थापट्या हाणल्या आणि तिसऱ्याला सुई आत! गाईच्या मानेवर आम्ही सगळे असंच करतो. बाबांनीच शिकवलं. पुतळा स्टँडसकट आडवा झाला.

शिकवणाऱ्या मिसेस डुमलाओ चणीनं एवढ्याशा, पण नजर अशी की गाय दोन पावलं मागे सरावी. त्या म्हणाल्या, "मिस तोस्त, रुग्ण जिवंत आहे का?" नियम कडक होता. एकदा फेरपरीक्षा. तीही हुकली तर सत्र गेलं, म्हणजे वर्ष गेलं.

ओदेत घरी येऊन सांगत होती आणि मी पोट धरून हसत होतो. नुसतं हसून थांबलो असतो तरी चाललं असतं. त्याच संध्याकाळी आमच्या पोर्तुगीज लोकांच्या हॉलमध्ये पत्ते खेळताना तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितलं. दोन दिवसांत टरलॉकपासून पार हिलमार गावापर्यंत एकही पोर्तुगीज उरला नाही ज्याला ते माहीत नव्हतं.

ती मात्र गोठ्यात माझ्या दंडावर बिनसुईची सिरिंज घेऊन सराव करत होती. दर वेळी मूठ आपोआप वर जायची.

"अगं, मी गाय नाहीये!"

"दिसतंय ते. गाई शहाण्यासारख्या उभ्या राहतात." म्हणाली खरी, पण डोळे भरले होते. "मानो, माझा हातच ऐकत नाही रे." ती मला मानो म्हणजे भाऊ म्हणते, पण फक्त अगदी टेकीला आली की.

मला वाईट वाटलं. म्हणालो, "बाबांनी थापट्या का शिकवल्या? गाईला कळावं म्हणून, की आता काहीतरी होणार आहे. माणसाला तोंडानं सांग की!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्या नर्ससारखं," ती हळूच म्हणाली.

मंगळवारी फेरपरीक्षेत ती पुतळ्याशी इतक्या गप्पा मारत होती म्हणे, की मिसेस डुमलाओंना हसू आवरेना. पास झाली. पण कागद पुरा व्हायला टोचून घेणारी तीन जिवंत माणसं हवी होती, तीही त्याच आठवड्यात, मिसेस डुमलाओंच्या समोर. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर आमच्याच हॉलमध्ये फ्लूच्या लशीचं शिबिर होतं. चार विद्यार्थी, चार खुर्च्या.

तीन खुर्च्यांसमोर रांगा लागल्या. ओदेतच्या खुर्चीसमोर कोणी नाही. म्हातारे तिच्याकडे बघून आपसांत मूठ आपटून दाखवत होते आणि खिदळत होते. जोझिन्यो बोर्बा तर मोठ्यानं म्हणाला, "एदुआर्दो, तुझ्या बहिणीकडे जायचं तर आधी मला खुंट्याला बांध!" सगळा हॉल हसला. ओदेत मान खाली घालून कापसाचे बोळे सारखे करत होती. एक तास गेला. मिसेस डुमलाओंनी घड्याळ बघितलं.

हे माझ्या जिभेनं केलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी कधी कोणाला सांगितली नव्हती. मी सुईला घाबरतो. गाईला हसत टोचतो, पण स्वतःला टोचून घ्यायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून सटकतो. पंधरा वर्षं मी कुठलीही लस घेतलेली नव्हती. तरी उठलो आणि त्या खुर्चीत जाऊन बसलो. बाही वर करून दंड पुढे केला.

ओदेतनं माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघितलं. "तोस्त साहेब," ती म्हणाली, आणि माझ्या अंगावर काटा आला, "आता थोडं गार लागेल. पुसते आहे. हात सैल सोडा. आता बारीकसं टोचेल. मी इथेच आहे हं."

मी डोळे मिटून घेतले. बाबांची खाट आठवली. त्यांना ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं त्यांना, आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून जेवणाच्या गोष्टी करत होतो. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर ओघळायला लागलं.

"टोच की आता," मी म्हणालो.

"झालं केव्हाच."

मग ती वाकली आणि माझ्या दुसऱ्या खांद्यावर मुठीच्या पाठीनं दोन थापट्या मारल्या. हळूच. मिसेस डुमलाओंनी बघितलं आणि न बघितल्यासारखं करून कागदावर पहिली सही केली.

माझ्यामागून जोझिन्यो बोर्बा बाही सरसावत आला. त्याच्यामागे आणखी सात जण.

गावात आता वेगळीच गोष्ट सांगतात. एदुआर्दो तोस्त, सहाशे गायींचा मालक, एवढ्याशा सुईला हॉलभर लोकांसमोर ढसाढसा रडला. हिलमारपर्यंत पोचलीये ती गोष्ट. सांगू देत. मी कुणाला खरं कारण सांगत नाही.