बाकाखालचा फोटो

"बाई, तुमचा फोटो तेवढा शोधून धुऊन घ्या. बाकीचे आम्ही बघतो."

मुख्याध्यापक बोलले. आवाज गोड. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात खराटा. सावित्री नदीच्या पुराचं पाणी शाळेतून ओसरून दोन दिवस झाले होते. महाडात घराघरांतून चिखल उपसणं चालू होतं, तेच आम्ही शिक्षक शाळेत करत होतो. कार्यालयाच्या भिंतीवरचे सगळे राष्ट्रपुरुष खाली पडलेले. चिखलात कुणाचा चेहरा कुठला, ओळखू येत नव्हतं.

पण कुठला कुणाचा, ते यांना पक्कं माहीत होतं.

"तुमचा" म्हणजे घटनाकारांचा. मी बौद्धवाडीतली, म्हणून तो माझा. इथं मी एकाचंही नाव लिहिणार नाही. नाव घेतलं की आपल्याकडे आधी जात बघतात, माणूस मग.

माझ्या हाताला तोवर एक फ्रेम लागली होती. अंगठ्याने काच पुसली. आधी टोपी दिसली, मग ते शांत डोळे. रेल्वेचा अपघात झाला म्हणून मंत्रिपद सोडणारे, पुढे पंतप्रधान झालेले. शेजारच्या सरांनी लगेच हात पुढे केला. "द्या इकडे. तुमचा तिथं बाकाखाली आहे."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

पोलादपूरला नववीत होते तेव्हा याच माणसावर मी भाषण लिहिलं होतं. वक्तृत्व स्पर्धा होती, विषय राष्ट्रपुरुषांचं चारित्र्य. चूक दुसऱ्याची असताना खुर्ची सोडणारा माणूस मला फार मोठा वाटला. आमच्या वाडीत आठ दिवस नळाला पाणी आलं नाही तरी कुणी जबाबदार नसायचा. वर्गशिक्षकांनी वही घेतली, वाचली, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीकडे दिली.

"हे ही म्हणेल. तू तुमच्यावाल्यांवर बोल. तुला शोभेल."

माझी वाक्यं तिच्या तोंडी. पहिला नंबरही तिलाच.

मी घरी येऊन रडले. आई मजुरीवरून आली होती, पाय धुता धुता म्हणाली, "रडतेस कशाला गो? सांगितलाय त्याच्यावर बोल. तुला बोलाय तरी भेटतंय. मला तेवढं पण नाय भेटलं."

मी बोलले. टाळ्याही पडल्या. घटनाकार माझे बापच. आमच्या घराच्या भिंतीवर तेच, आणि आज माझ्या हातात खडू आहे तो त्यांच्यामुळे. पण त्या दिवशी शाळेने माझाच बाप मला उपकार केल्यासारखा दिला आणि बाकीचा सगळा देश काढून घेतला. हे समजायला मला फार वर्षं लागली, याचा राग मला माझाही येतो.

नोकरीतही तेच. एप्रिल आला की सूचनावहीत प्रमुख वक्ता म्हणून माझं नाव. इतर जयंत्यांना मी फक्त फळा सजवायचा. मुख्याध्यापक मूठ आपटून त्यागावर बोलायचे, समतेवर बोलायचे, आणि मी खडूची धूळ झटकत मागे उभी.

म्हणून त्या दिवशी मी फ्रेम सोडली नाही. सर ओढत राहिले.

"सोडा, काच फुटेल."

"फुटू दे. हा फोटो मी धुणार."

मुख्याध्यापक हसत जवळ आले. "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका."

"नाही घेत. बाकाखालचा फोटो तुम्ही धुवा. आणि एप्रिलचं भाषणही यंदा तुम्ही करा."

हसू गेलं. खराटा भिंतीला टेकवत म्हणाले, "मला त्यांच्याबद्दल तेवढं माहीत नाही."

स्वतः इतिहासाचे शिक्षक. चवदार तळं शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. रोज स्कूटर त्याच रस्त्याने येते-जाते. आणि माहीत नाही! सांगताना लाजही नाही. जन्मभर दुसऱ्यांना चारित्र्य शिकवलं, आणि आमच्या माणसाचं एक पुस्तक उघडलं नाही. मला दोन्ही पाठ आहेत. तळंही आणि राजीनामाही.

फोटो मी धुतला. बाकाखालचा त्यांनी धुतला, शिपायाला न सांगता, सगळ्यांसमोर. ऑक्टोबरात, राजीनामा देणाऱ्याच्या जयंतीला, नववीत लिहिलेलं ते भाषण मी माझ्या तोंडाने केलं.

परवा सूचनावही फिरली. एप्रिलसमोर पुन्हा माझंच नाव. त्यांना वाटलं, पुरासोबत ते बोलणंही वाहून गेलं. मी सही केली नाही. माझं नाव खोडलं, त्यांचं लिहिलं, वही त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

एप्रिलला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. टाळी वाजवायची की नाही, ते भाषण ऐकून ठरवेन.