दोनाबाईंचा क्रूस

"तुम्ही कुठल्या?" असं कुणी विचारलं, तर दोनाबाई कधी पोर्तुगाल म्हणाल्या नाहीत. त्या आपल्या पॅरिशचं नाव सांगत. डोंगरउतारावरचं एक चर्च आणि त्याची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरातली मूठभर घरं, हे त्यांचं पॅरिश. कार्डिफच्या बसमधल्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार! पण त्याला ठाऊक नाही याचंच दोनाबाईंना दर वेळी नवल वाटे.

कार्डिफमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. मला त्या 'फील्या' म्हणत, म्हणजे मुलगी. 'दोना' ही त्यांच्याकडची आदराची हाक. माझ्या आईने तिला 'बाई' जोडलं आणि तेच नाव पडलं. दोघींचं इंग्लिश जेमतेम. पण बटाटा, पाव, चावी हे शब्द दोघींच्या भाषेत जवळजवळ सारखेच निघाले, आणि तेवढ्या भांडवलावर दोघी दुपारभर बोलत.

शनिवारी त्या मक्याचा पाव भाजत. पिठाच्या गोळ्यावर हाताच्या कडेने क्रूस उमटवत आणि गोळ्याला दटावत, "फूग लवकर, दारात माणसं आलीत." दारात कुणी नसे. गरम पाव आमच्याकडे येई.

त्यांच्या पॅरिशमध्ये ईस्टरला चर्चमधला चांदीचा क्रूस घरोघर नेतात. लोक उंबऱ्यात फुलं पसरतात, क्रूसाचं चुंबन घेतात, मग त्या घराचं वर्ष सुरू होतं. एका फेब्रुवारीत त्यांच्या मामेबहिणीचा फोन आला. या वर्षी क्रूस निघणार नाही. तरणी माणसं फ्रान्सला, उरलेल्यांना चढ झेपत नाही.

दोन दिवस दोनाबाईंचे पडदे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या आमच्या किचनमध्ये येऊन म्हणाल्या, "मी जाते. मी उचलते."

"पण तो पुरुषच उचलतात ना?" मी विचारलं.

"पुरुष कुठे आहेत? दाखव."

त्यांचा मुलगा स्विंडन शहरातून धावत आला. "मम्मा, युअर नी!" म्हणून ओरडला. दोनाबाई शांतपणे म्हणाल्या, "गुडघा माझा. चढही माझाच."

मग त्यांनी सराव सुरू केला. कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू देणारी उंच काठी दोन्ही हातांत उभी धरून त्या आमच्या गल्लीच्या चढावर जात. मागून आई देवघरातली घंटा वाजवी. समोरच्या वेल्श आजोबांनी पहिल्या दिवशी खिडकीतून पाहिलं, दुसऱ्या दिवशी दारात आले, तिसऱ्या दिवशी टोपी काढून उभे राहिले. दोनाबाईंनी लगेच काठी त्यांच्यापुढे धरली. बिचारे गोंधळले, पण त्यांनी काठीचं चुंबन घेतलं.

ईस्टरच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. दोनाबाईंच्या अंगावर क्रूस नेणाऱ्यांचा लाल झगा, चेहरा घामाने डबडबलेला. सगळ्यात वरच्या घरात अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी होती. तिथल्या पायऱ्या त्या बसून बसून चढल्या होत्या. तेवढा वेळ क्रूस मामेबहिणीने धरला.

"ती माझा हात सोडेचना, फील्या. म्हणाली, मला वाटलं, आता मला विसरले सगळे."

"आणि परत कधी येताय?" मी विचारलं. आई शेजारी कान देऊन उभी होती.

"इथे कुणीतरी राहायला हवं गं," म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात मुलाने येऊन घर रिकामं केलं. आई दिवसभर त्याच्याबरोबर कपबश्या कागदात गुंडाळत होती. व्हॅन गेल्यावर मला म्हणाली, "आपलं कुलदैवत तू शेवटचं कधी पाहिलंस? मला एकदा घेऊन चल."

आम्ही डिसेंबरची भारताची तिकिटं काढली.