पोटाशी बाटली धरून कुंभार पिंपळगाव

जालना जिल्ह्यात कुणी मुद्दाम फिरायला जात नाही. वेरूळ-अजिंठा करून आलेली मंडळीसुद्धा औरंगाबादवरूनच माघारी वळतात. मीही गेले नसते. पण माघ महिन्यात एका दुपारी आमच्या संस्थेच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. पलीकडे एसटीडी बूथवरून भगवानराव बोलत होते. अंकुशचे वडील.

"म्याडम, पोराचा तो तुकडा तुमच्याकडंच हाय ना? तेवढा परत द्या. दुसरं काई मागणं न्हाई."

आधी तुकड्याचं सांगते. पुण्यात मी स्नायूंच्या आजारांवर संशोधन करते. लहान मुलांचे, बहुतेक वेळा मुलग्यांचेच, स्नायू हळूहळू झिजवणारा डुशेन नावाचा एक आजार आहे. मूल चालता चालता पडायला लागतं, मग उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर हात टेकत उभं राहतं, मग एक दिवस उभं राहत नाही. अंकुशला तोच होता. त्याला पुण्याला आणलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या मांडीतून तांदळाच्या दाण्याएवढा स्नायू तपासणीला काढला आणि आई-वडिलांना विचारून त्यातला थोडा आम्हाला दिला. स्नायूंच्या धाग्यांना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. इजा झाली की त्या जाग्या होतात आणि डागडुजीला लागतात. या आजारात त्या बिचाऱ्या सतत डागडुजी करून लवकर म्हाताऱ्या होतात. त्या मी काचेसारख्या पारदर्शक चपट्या बाटलीत वाढवत होते. गोठवून पाहिलेल्या जगल्या नाहीत, त्यामुळे जे काही होतं ते त्या एका बाटलीत होतं.

त्यांना एक दिवसाआड ताजं खाद्य लागतं. ते गुलाबी रंगाचं पाणी असतं. शेजारच्या टेबलावर मेंदूच्या पेशी वाढवणाऱ्या जोशीला बायको-मुलं आहेत, म्हणून रविवार माझ्याकडे. गेली दोन वर्षं रविवारी त्या इमारतीत मी, वॉचमन आणि अंकुशच्या पेशी एवढीच वस्ती असायची. मी त्यांच्याशी बोलायचे. हसा खुशाल.

अंकुश दिवाळीनंतर गेला. दहाव्याला कावळा शिवेना, असं भगवानरावांनी फोनवर सांगितलं. "बहिणीचं लग्न करतो म्हणलं, मळा विकत न्हाई म्हणलं, तरी शिवना. उन्हं चढली. मंग मीच म्हणलो, तुझा पुण्यातला तुकडा आणून गंगेत सोडतो. तसा लगेच आल्ता." गंगा म्हणजे गोदावरी, तिकडे तिला गंगाच म्हणतात.

आमच्या सरांनी संमतीपत्राकडे बोट दाखवलं. "कायद्याने आपलं बरोबर आहे. आणि या पेशी गेल्या तर तुझा प्रबंध?" सर खोटं बोलत नव्हते. अजून सहा महिन्यांचं काम त्याच पेशींवर होतं. पण शब्द दिलेला बाप तिकडे वाट पाहतोय आणि मी इकडे त्याच्या मुलाला गुलाबी पाणी पाजतेय, हे काही मला जमेना. गावातल्या बूथवर फोन करून दोघांना कळवलं की गुलाबी पाण्याच्या बाटलीत घेऊन येतेय. बाटली तोंडापर्यंत भरली, झाकण घट्ट केलं आणि निघाले. नदीत सोडायचं तर सोडू, पण निदान जिवंत पोचवू, असं मनात होतं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. शिवाजीनगरहून सकाळची पहिली जालना एसटी धरा, संध्याकाळच्या आत पोचता. नगरला गाडी थांबते तिथे चहा घ्या, वडा घेऊ नका. खिडकीची जागा थंडीत टाळा. मला तर टाळावीच लागली, कारण पेशींना अंगाएवढी ऊब हवी. बाटली रुमालात गुंडाळून स्वेटरच्या आत पोटाशी धरली होती आणि वरून शाल. रस्ताभर एकाही माणसाने मला धक्का मारला नाही. कंडक्टर तर म्हणाला, "बाई, पुढं बसा, मागं लई आदळतं." मी गैरसमज दूर केला नाही. चांगली जागा फुकट मिळत असेल तर कशाला?

जालन्याला स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीने. बाटली कुशीत घेऊन झोपले. म्हणजे झोपले नाहीच, कूस बदलायची चोरी. इतकी वर्षं एकटी राहते, पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय या जाणिवेने आणखी एकटं वाटतं, हे तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी अंबड, घनसावंगी करत काळीपिवळी जीप. अंबडच्या पुढे दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा लागतात. रस्ता मात्र असा की हाडं खिळखिळी. शेजारी बुरखा घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. माझ्या पोटाशी काय आहे ते त्यांनी वाकून पाहिलं. "बच्चे का दूध है क्या, बेटी?"

"दवा है," मी म्हणाले.

"मंग बराबर धर," म्हणाल्या आणि घनसावंगी येईपर्यंत आपला हात माझ्या हाताखाली आधाराला ठेवला. उतरताना पिशवीतली दोन मोसंबी माझ्या मांडीवर टाकून गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

कुंभार पिंपळगावला आठवडी बाजार होता. भगवानराव मोटारसायकल घेऊन उभे होते. पांढरी टोपी, दाढी वाढलेली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे न पाहता शालीकडे पाहिलं आणि गाडी इतकी हळू चालवली की बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली.

घर शेतातच होतं. अंकुशची आई, कौसाबाई, दारात उभी होती. तिने आधी पायावर पाणी घातलं, मग ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, ठेचा. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, त्यामुळे माझी सोय झाली. समोर बसून ती विचारत होती.

"तिकडं तुम्हाला कोण वाढतं?"

"कोणी नाही. मीच घेते."

"आन जेवल्या का म्हणून कोण विचारतं?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. तिने दुसरी भाकरी न विचारता वाढली.

जेवणं झाल्यावर जीप करून आम्ही तिघं गंगेवर गेलो. पाणी काठापासून आत सरकलेलं, वाळूत टिटव्या ओरडत होत्या. भगवानरावांनी हळदकुंकू, फुलं आणली होती. ते पाण्यात उतरले आणि हात पुढे केला. मी शाल बाजूला करून बाटली काढली. मुलाला घरी आणून मीच पाण्यात ढकलतेय असं वाटलं.

"थांबा," कौसाबाई म्हणाली. "मला पाहू द्या."

तिने बाटली उन्हात धरली. "दिसंना की काईच."

"डोळ्यांना नाही दिसत. तळाला चिकटल्यात."

"फोनवर तर गुलाबी पाणी म्हणल्ता तुम्ही. हे तर पिवळं पडून राह्यलं."

मी जवळ जाऊन पाहिलं. निघताना गुलाबी होतं ते खरंच नारिंगी-पिवळं झालं होतं. म्हणजे एवढ्या खडखडाटात, थंडीत पेशी तग धरून होत्या. मला आनंद झाला आणि त्या जागी आनंद झाल्याची लाजही वाटली. मी सांगून टाकलं, "त्यांनी खाल्लं की पाण्याचा रंग असा बदलतो."

"खाल्लं?"

"हो. काल सकाळपासून खातायत."

कौसाबाई वाळूत खाली बसली. बाटली तिने मांडीवर घेतली. "शेवटी शेवटी त्याला घास गिळवत न्हवता हो. पातळ करून घालायची मी, तरी नाकातून यायचं. भुकेला गेला माझा."

भगवानराव पाण्यातून म्हणाले, "कौसे, दे इकडं. शब्द दिलाय म्या."

"शब्द मोडा म्हणून राह्यले का मी?" तिचा आवाज चढला. "पर जेवत्या माणसाला भरल्या ताटावरून उठवीत न्हाईत. तुमच्या आईनंच शिकवलं मला. त्याचं जेवण होऊ द्या, मंग आणा."

तिने माझ्याकडे पाहिलं. "जेवण झालेलं तुम्हाला कळंल?"

"कळेल. पाणी गुलाबीच राहील."

"मंग तवा आणा. पर सगळा आणा."

"आणीन," मी म्हणाले. त्याआधी मी कुणाला असा शब्द दिला नव्हता. भगवानरावांनी फुलं तेवढी सोडली आणि बाहेर आले. बाटलीला त्यांनी हात लावला नाही, पण परत जाताना जीपवाल्याला दोनदा म्हणाले, "हळू घे, बिलकुल हळू."

परतीला परतूरवरून रेल्वेने आले. तो प्रवास सोपा आहे, म्हणून सांगण्यासारखं काही नाही. एक मोसंबं मनमाडला खाल्लं, दुसरं ठेवलं ते वाळून गेलं.

पेशी उन्हाळाभर जेवल्या. माझं काम पुरतं झालं नाही, पण बरंचसं झालं. या पेशी दमतात तेव्हा त्यांच्यात नेमकं काय बदलतं, याचा थोडा अंदाज आला. आणखी एखाद्या अंकुशला त्याचा उपयोग कधी होईल हे मला माहीत नाही, आणि खोटी आशा लावायला मला आवडत नाही. मग पेशी पसरट झाल्या, वाढायच्या थांबल्या, तळ सोडून तरंगायला लागल्या. गेल्या रविवारी मी गेले तर पाणी जसं घातलं होतं तसंच गुलाबी. दोन दिवस थांबले. गुलाबीच.

जेवायच्या सुट्टीत गावातल्या बूथवर फोन केला. कौसाबाईला बोलावून आणलं त्यांनी. मी सांगितलं.

"पोट भरलं असंल त्याचं," ती म्हणाली. "आणा मंग."

मी येते म्हणाले. फोन ठेवणार, तेवढ्यात तिने विचारलं, "आन तुम्ही? तुम्ही जेवल्या का?"

"हो," मी म्हणाले. जेवले नव्हते.